उत्तर दोन शे
सुलक्षणाबाईंनी दुसरीच्या वर्गाला जूनपासून एक गोष्ट घोकवून घोकवून शिकवली होती. उत्तर एका शब्दात फेकायचं नाही, पूर्ण वाक्यात द्यायचं. धुळ्यापासून तासाभरावरच्या बाभूळखेडीच्या त्या वर्गाचा पट होता सतरा. चिंचोके मांडून, काढून, पुन्हा मोजून बाईंनी वजाबाकी पोरांच्या अशी गळी उतरवली होती, की पोरं डब्यातल्या भाकरीचीसुद्धा वजाबाकी करायची. राहिली होती एकटी ममता. तिला सगळं यायचं, पण तोंड उघडेल तर शपथ! गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा बोलली, तेही बाईंच्या कानात, आणि त्या दिवशी बाई स्कूटीवर गाणं म्हणत घरी गेल्या.

आणि आज वर्गात नवे विस्तार अधिकारी उभे. साहेब मूळचे कोकणातले, इकडे येऊन जेमतेम आठवडा झालेला. माणूस तसा गरीब, पण हातात तपासणीचा तक्ता. बाईंना तक्त्याची फिकीर नव्हती. धाकधूक होती ती एवढीच, की ममताला आज कोणी ‘चूक’ म्हटलं तर पोरगी पुन्हा गप्प बसेल, ती कायमचीच. सतरा पोरांतून साहेबांचं बोट नेमकं ममतावरच जावं, याला काय म्हणावं?

“पाचातून तीन गेले. किती राहिले?”

ममताने एकदा बाईंकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात, पूर्ण वाक्यात म्हणाली, “उत्तर दोन शे.”

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेबांच्या कपाळाला मात्र आठी पडली.

“दोनशे?”

“दोन शे,” अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. बाईंनीही कौतुकाने मान हलवली आणि अगदी बरोबर म्हणून सांगितलं. साहेब आता पोरांकडे न बघता बाईंकडे काळजीने बघू लागले.

त्यांनी खेमाला उभं केलं. आठातून चार गेले तर उत्तर चार शे. दहातून एक गेला तर नऊ शे. पोरं एकदम तयारीची, आणि साहेबांना घाम फुटलेला. जरा सोपं विचारावं म्हणून त्यांनी रेश्माला घरच्या गुराढोरांचं विचारलं.

“आमना घर गाय एक शे,” रेश्मा म्हणाली.

“एकशे गाई? अगं, मग चारा आणता कुठून?”

“वावरमाईन,” रेश्मा म्हणाली. शेतातून नाही तर काय आभाळातून येणार, असा तिचा चेहरा होता. साहेबांनी तेही तक्त्यात लिहून घेतलं. मग पेन मिटलं, ममताकडे वळले आणि शक्य तितक्या मायेने म्हणाले, “बाळ, तुझं उत्तर चूक आहे.”

झालं! ममताने ओठ घट्ट मिटले. पाच महिने पाण्यात गेले, हे बाईंना तिथेच कळून चुकलं.

पण ममता उठली. चिंचोक्यांचा डबा घेऊन साहेबांसमोर आली आणि तिने त्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं. पाच चिंचोके मांडले, तीन बाजूला सारले. बाई तिच्याशी जशी सबुरीने बोलायच्या, अगदी तशीच बोलली. “सर, मोजा.”

“एक... दोन,” साहेबांनी मोजले.

“हाई उत्तर. दोन शे.”

साहेब चिंचोक्यांकडे बघत राहिले, मग ममताकडे, मग बाईंकडे. “थांबा. शे म्हणजे... आहे?”

“शे!” सगळा वर्ग ओरडला.

साहेब असे हसले, की चष्मा सतरंजीवर पडला. हसत हसतच त्यांनी तक्त्यावर काट मारली, रेश्माच्या नव्याण्णव गाई रद्द केल्या आणि ममताच्या नावापुढे ‘उत्तम’ लिहिलं. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. नव्या सराव पुस्तिका पाठवायच्या होत्या, त्यासाठी या वर्गाचा पट हवा होता. नवी भाषा तोंडात घोळतच होती. साहेब ऐटीत म्हणाले, “पट सतरा शे.”

बाई शेजारीच उभ्या होत्या. जन्म खानदेशात गेलेला, त्यांच्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. उलट साहेब किती लवकर शिकले, म्हणून त्यांना कौतुकच वाटलं.

पुढच्या गुरुवारी शाळेच्या फाटकाशी टेम्पो उभा राहिला. ड्रायव्हर अमृत गठ्ठे उतरवून दमला, तेव्हा व्हरांडा भरून वर्गाचं दारही निम्मं बुजलं होतं. पुस्तिका सतराशे. बाई आधी मटकन खाली बसल्या. पण हाडाची शिक्षिका, चालून आलेलं गणित थोडंच सोडणार? त्यांनी वर्गाला विचारलं, सतराशेतून आपल्या सतरा वाटल्या, तर किती राहतील?

सगळी पोरं बोटं मोजू लागली. फक्त ममता उठली. तिने डब्याचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, पूर्ण वाक्यात म्हणाली, “बाई, चिंचोका कमी पडतीन.”