चंद्रीला हाक मारणारा प्रोग्रॅम

बायकोने आठवडाभर बोलायचं नाही, असं एखाद्या डॉक्टरने लिहून द्यावं, हे स्वप्न बऱ्याच नवऱ्यांना पडत असेल. माझं खरं झालं आणि मी रडकुंडीला आलो. सुरेखाचा घसा बसला, महाडच्या डॉक्टरांनी मौन सांगितलं आणि आमची म्हैस चंद्री संध्याकाळी रानातून घरी येईना.

चंद्री सुरेखाच्या माहेरची. तिच्या हाकेशिवाय जागची हलत नाही. त्यातच आमच्या उमरठ गावाच्या वरच्या अंगाला बिबट्या फिरत असल्याची बातमी होती. पहिल्या दिवशी मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, मग दोर लावून तिला ओढत आणलं (खरं तर तिने मला आणलं). सुरेखा दारात डोळे पुसत उभी होती. तेव्हाच मी ठरवलं, हे काम कॉम्प्युटरला लावायचं.

मी पोलादपूरच्या एका कचेरीत कारकून. तरुणपणी क्लास लावून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो होतो. आता तिची नवी आवृत्ती आलीय आणि ती फार शिस्तीची. पूर्वी प्रिंट लिहून पुढे मजकूर टाकला की भागायचं, आता तो कंसात घालावाच लागतो (मला कंसाची सवय लागली ती तेव्हापासून). शिवाय जुना नियम आहेच, जे काम पुन्हा पुन्हा करायचं, त्याच्या ओळी थोड्या आत सरकवायच्या. समासाला चिकटलेली ओळ फेऱ्यात धरत नाहीत.

सुरेखाची हाक आयती सापडली. मुंबईच्या मेहुणीला, नीलाला पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये ती मध्येच ओरडली होती, "ये गो चंद्रेऽऽ!" पुढचं ऐकायची तसदी मी घेतली नाही (ही लग्नापासूनची सवय). हाक पाच वेळा वाजवून थांबायचं, असा प्रोग्रॅम लिहिला, गणपतीतला कर्णा लॅपटॉपला जोडला आणि बटण दाबलं.

"ये गो चंद्रेऽऽ!" दरी दणाणली. आणि पाठोपाठ, "काय सांगू गो नीले, आमच्या ह्यांना धड बल लावता येत नाय!"

(बल म्हणजे दिव्याचा बल्ब.) सुरेखाने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "घाबरू नकोस, पाचदाच आहे."

सहाव्यांदाही वाजलं. विसाव्यांदाही. फेऱ्या मोजायची ओळ मी समासाला चिकटवली होती, त्यामुळे कॉम्प्युटर मोजतच नव्हता. चंद्री आली. मागून शेजारच्या भिकूनानांच्या दोन म्हशी आल्या, मग अख्ख्या वाडीची जनावरं. त्यांच्यामागून वाडी.

"सुधीर, आमच्या म्हशी तुझ्या अंगणात काय करतात रे?" भिकूनाना ओरडले.

"नाना, मोजणी बाहेर राहिलीय!"

"मोजणी? कुनाच्या जमिनीची?"

"जमिनीची नाही, ओळीची! ती आत घ्यायला हवी."

"आधी ही म्हस भायेर घे! माज्या पडवीत शिरली ना!" साळूबाई किंचाळल्या. वरून कर्णा सर्वांना सांगतच होता की ह्यांना धड बल लावता येत नाय.

"ह्ये तर आमाला म्हायतीच हाय," नाना म्हणाले. "बंद कर आता!"

मी पुस्तकात बंद करण्याचं प्रकरण शोधू लागलो. सुरेखाने शांतपणे वायर उपटली.

बाकीचे दिवस मी मुकाट्याने दोर धरला. आठवडा संपला, तिचा घसा सुटला. संध्याकाळी तिने हाक दिली, "ये गो चंद्रेऽऽ!" चंद्री बांधावर कान टवकारून उभी. हलेना. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुढचं वाक्यही म्हटलं. चंद्री धावत सुटली.

वाडीतल्या इतर म्हशींचंही तेच झालंय. त्यामुळे आता रोज संध्याकाळी घराघरातून बायका आधी आपापल्या म्हशीचं नाव घेतात आणि मग माझ्या बलाचं. मला फार राग येतो. परवा कचेरीतून येताना खालच्या वळणावर ते वाक्य कानावर पडलं आणि आज चांगलं खडसवायचं, असं ठरवून मी थांबायला गेलो. पाय थांबेनात. घाम पुसून पाहिलं तर मी आमच्या अंगणात उभा होतो, आणि सुरेखाने पेंडीची पाटी माझ्यासमोर ठेवली होती.