ठिपक्याचा नियम

काशिनाथअण्णा लाल दिव्यावर कधीच क्लिक करत नाहीत. ते फोन उचलतात.

आमच्या औरादच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठी स्क्रीन आहे. ब्राउझरमधलं एकच पान तिच्यावर दिवसभर उघडं असतं: तालुक्याचा नकाशा, आणि गावोगाव आम्ही बसवलेल्या इंटरनेटच्या खोक्यांचे दिवे. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बंद. लाल झाला की क्लिक करायचं, कारण वाचायचं, तिथूनच बटण दाबून उपाय करायचा, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. अण्णांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण पहिलाच दिवा लाल झाला तेव्हा त्यांनी वही मिटली, फोन लावला आणि विचारलं, "काय मामी, पाठदुखी कशी हाय?"

पाठदुखीनंतर सुनेचं माहेर झालं, मग तुरीचा फुलोरा झाला. मी शेजारी बसून घड्याळाकडे बघत होते. शेवटी अण्णा म्हणाले, "बरं, त्या खोक्याची पिन कुणी काढलीय का बघा की. मिक्सर लावलाय व्हय? लावा, लावा. वाटण झालं की पिन परत घाला."

थोड्या वेळात दिवा हिरवा झाला.

"दिव्याला काय कळतंय बाई," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "माणसाला इचारावं."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलं आहे, की झोपेतही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन.

मी मूळची उदगीरची. पुण्यात काही वर्षं नेटवर्कचं काम केलं आणि मग इथं नवी यंत्रणा बसवायला आले. पूर्वी प्रत्येक खोक्याला स्वतःचं डोकं होतं. काही बदलायचं असलं की अण्णा मोटरसायकलवर लॅपटॉप बांधून त्या गावाला जायचे. नव्या यंत्रणेत खोकी नुसती सांगकामी. डोकं एकच, ते औरादला, आणि त्याच्याशी बोलायचं ते या पानावरून. हे सगळं मी फळ्यावर चित्रं काढून अर्धा तास समजावलं. अण्णा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मुकादम."

"काय?"

"ऊसतोडीची टोळी असतीय न्हाई का. कोयता चालवणारा इचार करत न्हाई, मुकादम सांगल तो फड तोडतो. हे तुमचं सॉफ्टवेअर मुकादम हाय."

माझा अर्धा तास त्यांनी एका शब्दात गुंडाळला होता. त्या दिवसापासून आख्ख्या ऑफिसात त्या सॉफ्टवेअरचं नाव मुकादम पडलं. बिदरच्या साहेबांशी बोलताना माझ्याही तोंडून एकदा निघून गेलं, "मुकादमाला विचारून सांगते सर."

मला वाटलं होतं, मोटरसायकल सुटली म्हणून अण्णा खट्टू होतील. पंधरा दिवसांत ते पानाचे मालक झाले. एका बोटानं टाइप करायचे, पण चूक म्हणून नाही. आणि एका सोमवारी मी येऊन बघते तर काय, मी ओळीनं नंबर घालून ठेवलेल्या सगळ्या खोक्यांची नावं बदललेली. 'संतपूर - गरीब'. 'औराद बसस्टँड - तापट'. 'ठाणाकुशनूर - रुसका'. एका वाडीच्या खोक्यापुढे नुसतंच 'बघून घेऊ'.

दहा वाजता बिदरहून साहेबांचा फोन. "एन्री इदु?" म्हणजे, हे काय? "ये रुसका क्या है?"

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आधी कानडीत, मग दखनीत समजावलं, की हे खोकं वीज गेली की बंद पडतं आणि वीज आली तरी लगेच उठत नाही, त्याची समजूत काढावी लागते. मी नंबर परत घातले, पण खरं सांगायचं तर कुठलं खोकं कसं वागतं हे मला अजून नंबरावरून आठवत नाही.

एकदा संतपूरच्या त्या 'गरीब' खोक्याचा ताप वाढायला लागला. म्हणजे पानावर तापमानाची रेघ चढायला लागली. मी पंखा बिघडला असं निदान केलं. अण्णांनी फोन लावला. बऱ्याच गप्पांनंतर ते हळूच म्हणाले, "बसली व्हय? किती अंडी हायेत?"

किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्याच्या उबेला, कोंबडी बसली होती.

"उठवायला सांगा," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अंडी फोडायला निघाले आहे. "बाई, एकवीस दिवसांचा तर प्रश्न हाय." ते खुर्चीत नीट बसले आणि मीच शिकवलेली गोष्ट त्यांनी मलाच करून दाखवली. संतपूरवरून पुढच्या गावांना जाणारा सगळा भार पानावरूनच दुसऱ्या वाटेनं वळवला. खोक्यावरचं काम कमी झालं, ताप उतरला, कोंबडी जागची हलली नाही. नोंदीत कारण लिहिणं भाग होतं. मी लिहिलं, 'देखभाल'. बाराच्या बारा पिल्लं निघाली. तसा फोनही आला.

तर असे अण्णा. दिवसभर फोनवर. मराठी, कानडी, दखनी, आणि समोरचा तेलंगणाच्या बाजूचा असला तर तेलुगू. ड्यूटी आठला सुटायची, तोवर त्यांच्या ठाणाकुशनूरची शेवटची बस गेलेली असायची. म्हणून सोमवार ते शनिवार ते ऑफिसच्या मागच्या खोलीतच राहायचे आणि रविवारी गावी जायचे. घरी बायको आणि म्हैस. "ती म्हशीला सोडून येत न्हाई," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांच्या घरचं ज्यांना ठाऊक, त्यांच्या घरचं आम्ही कधी विचारलं नाही.

मग मुख्य ऑफिसचा हुकूम आला. कुणीकुणी हातानं घातलेले जुने नियम पानावर साचले आहेत, शनिवारच्या आत सगळं स्वच्छ करा. मी यादी उघडली आणि एकेक पुसत गेले. अगदी खाली एक नियम सापडला. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. रोज संध्याकाळी सहा ते सहा वीस, ठाणाकुशनूरच्या एका घराला सगळ्यात चांगली वाट. दूध संकलन केंद्राच्या आधी, पतसंस्थेच्या आधी, सगळ्यांच्या आधी.

कुणाची तरी वशिल्यानं केलेली सोय, असं मी धरून चालले. कुणी केली हे बघायचेही कष्ट घेतले नाहीत. पुसून टाकला. काम चोख झालं म्हणून बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहीत थांबले होते. सहाच्या सुमारास गावंच्या गावं मोबाइल उघडून बसतात, नेटवर्क तुडुंब भरतं. अण्णा पाण्याच्या माठाजवळच्या टेबलाशी होते. त्यांनी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला होता आणि ते हातानं काहीतरी करत होते. तोंडातून शब्द नाही. बोटं मिटली, उघडली, एक हात छातीवरून फिरला. मोबाइलवर एक बाई होती. तिचेही हात चालले होते. मग चित्र अडकलं. तिचा एक हात हवेतच राहिला. अण्णा आपला हात तसाच वर धरून थांबले. चित्र सुटलं तेव्हा तिचे हात भलतीकडे होते. अण्णांनी मान हलवली, पुन्हा कर अशी खूण केली. पुन्हा अडकलं. असं चार-पाच वेळा झालं आणि त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

ते पानासमोर येऊन बसले. नियमांची यादी उघडली, खालपर्यंत गेले. ठिपका नव्हता.

"आज ती अर्धीच बोलली," अण्णा म्हणाले.

त्यांनीच सांगितलं. त्यांच्या बायकोचे, पारूबाईंचे, कान लहानपणीच तापात गेले. शाळा नाही, लिहिणं नाही. लग्न झालं तेव्हा दोघांत दोनच खुणा होत्या, पाणी आणि भूक. बाकीची भाषा दोघांनी घरात बसून तयार केली. "आता भांडतोत बी तिच्यात," अण्णा म्हणाले. "तुमचं आमचं चित्र अडकलं तर आवाज तर येतो. तिचं चित्र अडकलं की शब्दच तुटतो बाई."

"पण अण्णा, नियमाला नाव तरी घालायचं. नुसता ठिपका कामून?"

त्यांनी तर्जनी हनुवटीच्या मधोमध टेकवली. "हितं गोंदलंय तिला. ते तिचं नाव. मी हाक मारतो ती अशी. टाइप कसं करणार? ठिपका दिला."

"मग मला सांगायचं होतं."

"काय सांगू? बायकोसंगं बोलायचंय म्हून तालुक्याची वाट रिकामी करा? चूकच व्हती ती. तुमी पुसलं ते बरोबर केलं."

त्यानंतरचे चार दिवस अण्णांनी मोबाइल तांब्याला टेकवला नाही. सहा वाजले की ऑफिसच्या फोनवरून तालुक्यातल्या कुणाकुणाला फोन लावत राहायचे. एकही दिवा लाल नसताना.

मी मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. बिदरच्या साहेबांना लेखी पाठवलं: ज्या घरात हातानं बोलतात, त्या घराच्या व्हिडिओला अखंड वाट मिळावी. वेग थोडका लागतो, फक्त तुटता कामा नये. मागेल त्या प्रत्येक घराला, उघडपणे, दिवसभर. साहेबांनी फोनवर विचारलं, "पूरे तालुके में ऐसे घर हैं कितने?" मला कुठं माहीत! मी अण्णांकडे बघितलं. अण्णा बोटांवर मोजायला लागले. औरादचा एक टेलर, संतपूरच्या दोघी बहिणी, ठाणाकुशनूरच्या शाळेजवळची एक सून, जिचा नवरा हैदराबादला असतो... एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. यांतल्या एकाशीही ते फोनवर बोलू शकत नव्हते. घरच्यांच्या पाठदुख्या विचारता विचारता त्यांना हे कळलं होतं.

साहेबांनी आकडा ऐकून होकार दिला. मग म्हणाले, "नाम ठीक से रखना."

नियमाला लांबलचक सरकारी नाव मिळालं. मी स्वतः चढवला. सहा वाजता अण्णांनी मोबाइल उभा केला. पारूबाई आल्या, हनुवटीवरचा हिरवा ठिपका स्पष्ट दिसत होता. दोघांचे हात इतके भरभर चालले होते, की चार दिवसांचं भांडण असावं. चित्र एकदाही अडकलं नाही.

मग अण्णांनी मला हात करून बोलावलं. मी चष्मा सावरत मोबाइलसमोर वाकले. पारूबाईंनी मला नीट निरखून बघितलं आणि एक बोट नाकाच्या शेंड्याला लावून वर सरकवलं. अण्णा खो-खो हसायला लागले.

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. तुमचं नाव ठिवलं तिनं."

मला काही कळलं नाही. मी चष्मा वर सरकवून पुन्हा स्क्रीनकडे बघितलं, आणि तिकडे पारूबाईंनी दोन्ही हात उडवून अण्णांना सांगितलं, बघा, हीच.