बाळंतिणीचे महाली वाऱ्याशी जाहलेल्या लढाईची हकीकत

श्रीगणराज प्रसन्न असोत आणि ऐकणारांची चित्ते ठिकाणी असोत. शके सतराशे बत्तीस, प्रमोदनाम संवत्सर, पौषमास. ते समयी डोंगराआडचे एका राज्यी महाराजांची कन्या सुंदराबाई माहेरी बाळंत जाहली, पुत्र जाहला, तोफा सुटल्या आणि साखर वाटली. राणी भीमाऊसाहेब मोठ्या खंबीर. परचक्र आले तरी सुपारी कातरीत बसत, परंतु दारास फट दिसली की त्यांस अन्न गोड लागत नसे. त्यांचा वैरी एकच, तो वारा. म्हणोन बाळंतिणीचे महालाची तजवीज त्यांनी जातीने केली. खिडक्या लाविल्या, आणि फटींत चिंध्या कोंबिल्या, आणि वरून शेणाने लिंपिले, मग बाजेखाली धगधगीत कोळशांची शेगडी ठेविली आणि उशाशी ओवा-शेपांची धुरी केली. किल्लेदार मानाजीराव यांस हुकूम जाहला की वारा कोठून शिरतो तो शोध करावा. मानाजीराव जातिवंत शिपाई, परंतु न दिसणाऱ्या वैऱ्याशी गाठ पहिलीच. तरी त्यांनी दिवा घेऊन भिंतीभिंतीशी धरिला, आणि जेथे ज्योत हालली तेथे चिंधी ठोकिली. अखेर ज्योत कोठेच हालेना, तेव्हा फत्ते जाहली म्हणोन नगारा वाजविला.

मग सुंदराबाईंचे डोके दुखो लागले, आणि अन्न उलटो लागले, आणि मूल रडेनासे जाहले. सुईण म्हणाली, "किती गुणाचं लेकरू हो!" आणि इतके बोलोन तीच भोवळ येऊन उंबऱ्यावर बसली. भीमाऊसाहेबी निदान केले की वारा अद्याप कोठून तरी शिरतोच आहे. मग मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढिली, कोळसे वाढविले आणि दाराशी गोधड्या रचिल्या.

बारशाचे दिवशी महाराज नातू पाहावयास आले. महाराजांचा देह थोर, दारातून आडवे होऊन आत शिरले आणि म्हणाले, "काय हा कोंडमारा! राणीसाहेब, जरा कवाड उघडा."

"मुळीच उघडायचं नाही," भीमाऊसाहेब म्हणाल्या. "आपला पहिला वाऱ्यानंच गेला. पाचवीच्या दिवशी, या मांडीवर. आपण मोहिमेवर होता, आपल्याला काय ठाऊक!"

हे महाराज तीस वर्षे ऐकत आले होते. सबब कवाडाचा हट्ट सोडोन नातू निरखीत उभे राहिले, आणि इतका वेळ उभे राहिले की घेरी येऊन पागोट्यासुद्धा खिडकीवर कोसळले, आणि खिडकी चिंध्यांसुद्धा बाहेर गेली.

वैरी आत आला. भीमाऊसाहेबी पतीकडे पाहिले नाही, गोधडी उचलोन खिंडाराकडे धावल्या. तो मागून सुंदराबाई बोलल्या, "आऊ, नको गं लावू. किती दिवसांनी श्वास आला." आणि सकाळपासून निपचित पडलेले मूल हळूच कण्हले. भीमाऊसाहेब गोधडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. थंडी तोंडावर येत होती, आणि त्यांस भय वाटले. गोधडी लावावी तर लेक नको म्हणते, न लावावी तर नातू वाऱ्याचे स्वाधीन होतो. इतक्यात मूल रडले, मग आणिक मोठ्याने रडले. तेव्हा त्यांनी गोधडी टाकिली, बाजेखालची शेगडी पदराने धरोन उचलिली आणि खिडकीतून चौकात भिरकाविली.

महाराज सावध होऊन म्हणाले, "हात पोळला की हो!"

भीमाऊसाहेब भुईवर बसल्या. "तेव्हाही शेगडी मीच भरली होती," म्हणाल्या. "खिडक्याही मीच लावल्या होत्या." आणि हंबरडा फोडोन रडल्या. महाराज बोडक्या डोक्याने त्यांचे शेजारी बसले आणि पोळलेला हात हातात घेऊन राहिले.

दुसरे दिवशी दरबार जाहला. वाऱ्यावरील सर्व आरोप नाशाबीत ठरोन त्यास महालातील दोन खिडक्या वंशपरंपरा इनाम दिल्या, आणि शेगडीस बाळंतिणीचे महालातून हद्दपार केले. सनद घेण्यास वारा हजर न जाहल्याने ती मानाजीरावांनी खिडकीत ठेविली, ती तत्काळ उडोन गेली, सबब पोहोचली ऐसे समजण्यात आले.

मग राहिलेले बारसे केले. भीमाऊसाहेबी पाळण्यात वाकोन नातवाचे कानात नाव सांगितले, आणि मग दुसरे एक नाव सांगितले. बायकांनी विचारिले हे कोणाचे, तेव्हा म्हणाल्या, "त्याच्या मामाचं. पाचवीलाच गेला, ठेवायचं राहिलं होतं."

एवंच मूल वाचले, खिडक्या उघड्या आहेत. लिहिणारास ठाऊक ते लिहिले.