अपडेटचा व्हॉल्व्ह

सासूबाईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी हात सारखा हलता ठेवायला सांगितलं होतं. सासूबाईंनी सहा आठवडे तो जागचा हलवला नाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना त्या चहा पाजून वाटेला लावायच्या आणि रबरी पट्टा उशीखाली ठेवून द्यायच्या.

मग एके दिवशी त्यांनी नातीचा गेम कन्सोल लावला. नात नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती, कन्सोल मात्र टीव्हीखाली तसाच पडून होता. त्यात बोलिंगची एक जुनी डिस्क होती. रिमोट हातात धरून हात झोकात फिरवायचा, की पडद्यावर चेंडू धावतो आणि समोरचे दहा खुंट आडवे होतात. पहिल्या दिवशी दोन खुंट पडले. महिन्याभरात सासूबाईंचा हात कानापर्यंत जाऊ लागला आणि त्या स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्या. ती पहिली वेणी बघून त्यांच्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाच्याही आलं असतं, पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सरका. मध्ये येताय."

अशा त्या कन्सोलवर एका दुपारी पाटी झळकली : सिस्टिम अपडेट आज आपोआप होईल.

जावईबापूंनी लगेच रिपेअरवाल्याला फोन लावला.

"जुनी डिस्क आहे ना? मग सांगता येत नाही," रिपेअरवाला म्हणाला. "नव्या अपडेटनंतर काही काही डिस्का रुसतात."

"मग थांबवायचं कसं?"

"नेटवर्क सेटिंगमध्ये जायचं आणि डीएनएसचा पत्ता बदलायचा. डीएनएस म्हणजे मशीनची पत्त्यांची वही समजा. चुकीची वही हातात दिली, की ते कंपनीचं दारच शोधत बसतं."

"म्हणजे त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा!" जावईबापू खूश झाले. पाणीपुरवठा कचेरीत सव्वीस वर्षं त्यांनी नळांचे नकाशे काढले होते. (प्रत्यक्ष व्हॉल्व्हला त्यांनी कधी हात लावला नव्हता. कचेरीने लावू दिला नव्हता.)

डीएनएस बदलायला रिमोट हवा होता. रिमोट सासूबाईंकडे होता.

"आई, दोन मिनिटं द्या."

"डाव रंगात आलाय. अर्ध्या तासाने या."

अर्ध्या तासात अपडेट येऊन बसलं असतं. तेव्हा जावईबापूंनी विचार केला, घरातल्या नळाशी झटापट कशाला? मेन लाइनवरच जाऊ! म्हणून त्यांनी मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. त्यात घरातल्या नऊ यंत्रांची यादी होती आणि प्रत्येकापुढे 'ब्लॉक' असं बटण. नावं मात्र अशी, की जणू मांजर कीबोर्डवरून चालत गेलं असावं. यातला कन्सोल कुठला?

कचेरीत अशा वेळी एक पद्धत होती : एकेक व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कुठल्या गल्लीतून ओरड येते ते बघायचं. त्यांनी पहिलं यंत्र ब्लॉक केलं. शांतता. दुसरं केलं. शांतता. तिसरं केलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

दारात बायको उभी होती. विमा कचेरीत विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिची त्या वेळी लॅपटॉपवरून मुलाखत चालू होती. तीन ते चार दार वाजवायचं नाही, असं तिने सकाळी बजावलं होतं. दार त्यांनी खरंच वाजवलं नव्हतं.

"अहो, नेट गेलंय का?"

"नाही, तुझंच गेलंय."

"माझंच म्हणजे?"

"थांब, सोडतो."

"सोडतो?" बायको म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

घाईत जावईबापूंनी तिसऱ्याऐवजी चौथं बटण दाबलं, आणि राउटरचं पानच गायब झालं. चौथं यंत्र म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल. कोठडीत शिरून त्यांनी बाहेरून कडी लावून घेतली होती.

मग उरला एकच उपाय : रीसेट, म्हणजे राउटर पुसून नव्यासारखा कोरा करायचा. राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात त्यांनी कंपासचं टोक खुपसलं. सगळे दिवे विझले. बायको लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि मोबाइलच्या नेटवर मुलाखत पुढे चालू केली. तिथे तिच्या पाठीमागे हॉल दिसत होता. म्हणजे हॉलमध्ये टेबलाखाली रांगत, राउटरच्या तळाचा पासवर्ड मोठ्याने वाचणारे जावईबापू मुलाखत समितीलाही दिसत होते.

राउटर पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात सासूबाईंचा डाव संपला आणि पडद्यावर कन्सोल नवा पासवर्ड मागू लागला. जावईबापूंनी तत्परतेने रिमोट घेतला, एकेक अक्षर जपून टाकलं आणि 'ओके' दाबलं.

अपडेट सुरू झालं. व्हॉल्व्ह त्यांनी स्वतःच्या हाताने उघडला होता.

निळी पट्टी सावकाश पुढे सरकत होती. सासूबाई खांद्यावरून हात फिरवत बसल्या होत्या.

"चालली नाही डिस्क, तर परत तो रबरी पट्टा?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलाखत संपवून बायको बाहेर आली आणि आईच्या शेजारी बसली. "कन्सोलचं वायफाय नुसतं बंद केलं असतं तर?" तिने विचारलं.

हे जावईबापूंना सुचलं नव्हतं. रिपेअरवाल्यालाही नाही, पण त्याचा आता उपयोग नव्हता.

पट्टी भरली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. डिस्क घरघरली आणि समोर दहा खुंट शहाण्यासारखे उभे राहिले. सासूबाईंनी उठून असा काही हात फिरवला, की दहाच्या दहा आडवे!

आठवड्याने बायकोला ती जागाही मिळाली. अडचणीच्या वेळी तुम्ही डोकं शांत कसं ठेवता, हा प्रश्न समितीने म्हणे विचारलाच नाही. त्यांनी पाहिलं होतं.

अपडेटमुळे एक नवी सोय मात्र झाली. समोरून खेळणाऱ्या कॉम्प्युटरला आता आपल्या आवडीचं नाव देता येत होतं. सासूबाईंनी सगळ्यात सोपा प्रतिस्पर्धी निवडला आणि त्याचं नाव ठेवलं 'जावईबापू'. त्याचा चेंडू सरळ जाण्याऐवजी बाजूच्या पन्हळीत पडला, की बोलिंगच्या भाषेत तो गटारात गेला. सासूबाईंचा आवाजही आता खांद्याइतकाच मोकळा झाला होता.

परवा जिन्यात शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी जावईबापूंना बाजूला घेतलं. इकडेतिकडे बघून त्यांनी एक कार्ड हळूच त्यांच्या खिशात सरकवलं.

"लाजू नका. माझ्या भावाची याच डॉक्टरांकडे सुटली," ते कुजबुजले. "अहो, 'जावईबापू पुन्हा गटारात', 'जावईबापू पुन्हा गटारात' असं रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू येतं. त्या म्हाताऱ्या माउलीने किती वेळा उचलायचं तुम्हाला?"