सबनीसकाकांची दाद

आमचे लंडनच्या ईलिंगमधले शेजारी सबनीसकाका बसड्रायव्हरला दाद देतात. अरुंद गल्लीत त्याने डबलडेकर अलगद वळवली, की वरच्या मजल्यावरून आरोळी, "वाऽऽ! जियो!" मी लगेच खिडकीबाहेर बघतो, हे गृहस्थ माझ्याबरोबर नाहीतच असा चेहरा करून. डेंटिस्टने दाढ काढली तेव्हा तोंडात कापूस असताना "क्या बात है" म्हणाले म्हणे!

"दाद पोटात ठेवू नये रे, बाधते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांची मुलगी मुक्ता इथेच जन्मली, ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. मागे एका कॉन्सर्टमध्ये सगळी वाद्यं क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत काका ओरडले, "वाहवा!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. मुक्ता कितीतरी दिवस बापाशी बोलली नाही.

म्हणून पुढच्या कॉन्सर्टच्या आधी तिने मला फोन केला. "तू बाबांच्या बाजूला बस, प्लीज. त्यांना क्वाएट ठेव. परत तसा लाज नको."

रचना नवीकोरी, कोणा अमेरिकन संगीतकाराची. एकच चिमुकली सुरावट पुन्हापुन्हा, दर खेपेला किंचित बदलून. मला वाटलं, सीडी अडकलीय. काका मात्र पहिल्यापासून डोलत होते. हात मांडीवर ठेका धरायला निघाला, तो मी दाबून धरला. मग सगळे थांबले आणि मुक्ता एकटीच वाजवू लागली. आई शप्पथ, मलासुद्धा भरून आलं. काकांचं तोंड उघडलं.

"काका, श्श!" मी असा खेकसलो, की पुढची बाई माझ्याकडेच वळली. काकांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

नंतर मुक्ता बाहेर आली. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"नाही आवडला, बाबा?" ती म्हणाली. "सोलो संपला तेव्हा मी ऐकत होते. तुमचा 'वा' आलाच नाही."

"घसा बसलाय गं," काका म्हणाले. माझं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घराकडच्या बसमध्ये आम्ही तिघं वरच्या मजल्यावर बसलो. शेवटी मला राहवेना. "मुक्ता, त्यांचं तोंड मी बंद केलं. ते ओरडणारच होते."

तिने बापाकडे बघितलं. "मग आता द्या ना दाद."

काकांनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

ड्रायव्हरने आमच्या गल्लीत बस वळवली, अगदी अलगद. त्याला त्या दिवशी कोणी दाद दिली नाही.