सरांनी हात केला

माझ्या हाताखालून गेलेला माणूस रस्त्यावर कधी चुकत नाही. ही बढाई नाही. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर तसं लिहिलेलंच आहे, आणि पाटी मीच लिहिली आहे. लॉन्ड्री आणि औषधांचं दुकान यांच्यामधल्या त्या एका शटरच्या खोलीतून मी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं. उरलेलं अर्धं शहर त्यांच्यापासून जीव वाचवायला आपोआप शिकलं.

माझी पद्धत जुनी आहे. इंडिकेटरचा दिवा जातो, वायर तुटते, पण हात कुठे जात नाही. म्हणून आमच्याकडे आधी हात. उजवा हात आडवा केला, म्हणजे उजवीकडे वळणार. गोल फिरवला, म्हणजे डावीकडे. वर केला, म्हणजे थांबणार. याचा तक्ता मी स्वतः भिंतीवर रंगवला आहे. त्यातला माणूस माझ्यासारखा दिसतो असं लोक म्हणतात, मिशीमुळे असेल. शिकाऊ मंडळी मोटरसायकलींवर माझ्या मागे रांगेने येतात आणि त्यांना एकच नियम असतो. सरांनी हात केला की डोकं चालवायचं नाही, गाडी वळवायची.

आरशात बघत राहायचं, असाही एक नियम आहे. पण तो सगळ्यांना माहीतच असतो, म्हणून मी त्याच्यावर फार वेळ घालवत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग जावई आला. तसा तो वाईट नाही. मुलीला मागणी घालायला आला तेव्हा मी त्याला आधी मैदानात आठाचा आकडा काढायला लावला होता, आणि पठ्ठ्याने पाय न टेकवता काढला. लग्नानंतरही मला ‘सर’च म्हणतो. पण अलीकडे त्याने स्कूलमध्ये एक खुर्ची आणली. खुर्चीपुढे स्टिअरिंग, स्टिअरिंगपुढे पडदा, पडद्यावर रस्ता. पोरं जागच्या जागी बसून गाडी ठोकतात आणि हसत हसत घरी जातात!

एकदा जेवताना बायकोने विषय काढलाच. “अहो, आता शटरची किल्ली जावईबापूंकडे द्या. तुमचा खांदा धरतो हल्ली.”

“खांदा धरतो. डोकं शाबूत आहे.”

“डोक्याबद्दल कोणी काही बोललंय का?”

मुलगी ताटात बघत राहिली. जावई पाणी प्यायला. या घरात माझ्या बाजूने फक्त मीच आहे हे लक्षात आल्यावर माणूस बोलू नये ते बोलतो. मी म्हणालो, “मोटरसायकलवरून उत्तर सीमेपर्यंत जाऊन दाखवतो. जिथे रस्ता संपतो, त्या दगडापर्यंत! आणि एकटा नाही, जुने विद्यार्थी रांगेने मागे घेऊन. त्यातला एक जरी वाट चुकला, तर किल्ली जावईबापूंची. सगळे दगडापाशी पोहोचले, तर ती खुर्ची भंगारात.”

“कबूल,” बायको म्हणाली. इतक्या पटकन ती आयुष्यात कशालाच कबूल झाली नव्हती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जुन्या विद्यार्थ्यांत तिघं तयार झाले. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी माझ्याकडे शिकताना दोनदा नापास होऊनही हट्ट सोडला नव्हता, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर, जे दर वळणावर दोनदा खात्री करतात, आणि बेकरीवाला. बेकरीवाला म्हणजे माझ्या पद्धतीचं चालतंबोलतं यश. मी सांगितलं तर तो पावाला क्लच बसवेल. म्हणून रांगेत माझ्या लगेच मागे तोच. शेवटी जावई, आणि त्याच्या मागे बायको.

“माझ्या मागे बस की,” मी म्हणालो.

“तुमच्या मागे बसले तर मला तुमची पाठ दिसणार. परीक्षा कशी दिसेल?”

उत्तरेकडचा रस्ता सुरू झाला आणि माझ्या हाताने कमाल केली. घाट, पूल, नदीकाठची अरुंद वळणं, सगळीकडे मी हात करत होतो आणि मागे चारी गाड्या एका दोरीत ओवल्यासारख्या वळत होत्या. ढाब्यावरची माणसं बाहेर येऊन बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सर, अगदी शाळेत असल्यासारखं वाटतंय.” मी जावयाकडे बघितलं. तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही, कारण त्यात काही खोट नव्हती.

जसजसे वर गेलो तसतशी झाडं संपली, मग गवत संपलं, मग मोबाइलची रेंज संपली. उरले ते नुसते डोंगर आणि वारा. रेस धरून धरून माझा उजवा हात खांद्यापासून आखडून गेला. पण हे कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर बायकोने डोंगरातच किल्ली मागितली असती.

सीमेच्या अलीकडे शेवटचा नाका लागला. सगळ्यांचा मिळून एकच परवाना होता आणि अर्थातच तो माझ्या खिशात होता. मी एकटाच आत गेलो. नाक्यावरच्या शिपायाने शिक्का मारला आणि म्हणाला, “पुढे उतारावर एक फाटा लागेल. सरळ जा. उजवीकडे सैन्याची चौकी आहे, तिकडे परक्यांनी जायचं नाही. परवाना नसेल तर अडकवून ठेवतात.”

बाहेर आल्यावर मी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं कशाला? मी हात करणारच होतो.

मिशीवर दव गोठलं होतं. डावा आरसा आदल्या दिवशी एका ट्रकला घासून तुटला होता (ट्रकची चूक), म्हणून उजवा आरसा तोंडाकडे वळवून मिशी साफ केली, मफलर नाकापर्यंत ओढला, गॉगल चढवला आणि निघालो.

उतार लागला. उतारावर रेस लागत नाही, म्हणून मी आखडलेला उजवा हात काढला, बाजूला सरळ लांब केला आणि बोटं झटकली. काय बरं वाटलं! खांद्यातून कटकन आवाज आला. तेवढ्यात समोरून मालाचा ट्रक धुळीचा लोट उडवत गेला आणि क्षणभर मला माझंच चाक दिसेना. धुळीतून बाहेर पडलो तेव्हा फाटा मागे गेला होता. मी सरळ आलो होतो. अगदी बरोबर.

लगेच आरशात बघितलं. हेल्मेट, मफलर, काळा गॉगल. बेकरीवाला मागे होता. थोडा जास्तच चिकटून येत होता. ‘अंतर ठेव’ म्हणून मी मान हलवली. त्यानेही मान हलवली. अंतर मात्र ठेवलं नाही. असू दे, म्हटलं, नव्या प्रदेशात माणूस गुरूच्या जवळ राहतो. पुढे जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा तेव्हा तो होताच. त्याचं डोकं जरासुद्धा हलत नव्हतं. असा विद्यार्थी घडवायला आयुष्य जातं.

शेवटी तो दगड दिसला. पांढरा रंगवलेला, कमरेएवढा. त्याच्यापुढे रस्ता नव्हता, काटेरी तार होती. मी हात वर केला, थांबलो, आणि मागे न बघता, कारण असे क्षण मागे बघून वाया घालवायचे नसतात, मोठ्याने म्हणालो, “मंडळी! आपण पोहोचलो. आता कोणाला खुर्चीत बसून गाडी शिकायची आहे?”

मी वळलो. मागे एक खेचर उभं होतं.

दगडाशेजारी पत्र्याच्या टपरीत एक बाई चहा करत होती. मी विचारलं, “माझ्या मागची माणसं कुठे गेली?”

“मागे कोणी नव्हतंच,” ती म्हणाली. “तुम्ही एकटेच हात वर करून आलात. मला वाटलं, शरण येताय.”

आधी मला राग आला. इतकं शिकवून ही माणसं सरळ रस्त्यावर चुकतात! काय काय बोलायचं ते मी मनात जुळवू लागलो. कॅशियरना काय बोलायचं, डॉक्टरीणबाईंना काय बोलायचं. मग जावयाचा नंबर आला आणि एकदम आठवलं, त्याच्या गाडीवर बायको आहे. त्या डोंगरात ती कुठे असेल, गाडी घसरली असेल का, तिचा जाड स्वेटर तर माझ्या पिशवीत आहे. किल्ली, खुर्ची, दगड, सगळं डोक्यातून गेलं. चहा तसाच टाकून मी गाडी वळवली. हात करायचाही विसरलो. खेचराने समजून घेतलं.

अर्ध्या वाटेत सैन्याची जीप आडवी आली. आतल्या सैनिकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मिशीवाले सर तुम्हीच का?”

“हो. का?”

“चला. तुमची माणसं आमच्याकडे आहेत.”

चौकी म्हणजे दगडी खोली, बाहेर वाळूच्या गोण्या, आत एक शेगडी. शेगडीभोवती चौघं हात शेकत बसले होते आणि बायको सैनिकांचं कांबळं पांघरून मधोमध बसली होती. तिला धडधाकट बघितलं आणि माझ्या जिवात जीव आला. तो आल्याबरोबर रागही परत आला.

“कोणी सांगितलं तुम्हाला इकडे वळायला?”

“अगदी हाच प्रश्न मीही विचारला,” टेबलामागचा अधिकारी म्हणाला. “या चौघांना वेगवेगळं बसवून विचारला. चौघांनी एकच उत्तर दिलं. मंडळी, पुन्हा दाखवा.”

चौघांनी उजवा हात सरळ बाजूला लांब केला. बेकरीवाल्याने तर बोटंही झटकली.

“मला वाटलं ही काहीतरी खूण आहे,” अधिकारी म्हणाला. “वर कळवायच्या बेतात होतो.”

“सर, तुम्ही हात केलात,” बेकरीवाला म्हणाला. “धुळीत तुम्ही दिसला नाहीत, पण हात दिसला होता. म्हणून वळलो.”

“आणि पुढे बंदूकवाले दिसले, तेव्हा?” मी विचारलं.

“वाटलं, अभ्यासक्रमात असेल.”

“मी दोनदा खात्री केली होती,” कॅशियर म्हणाले. “हात आडवाच होता.”

मी सावरून बसलो. “हे बघा, साहेब. मी आरशात सारखा बघत होतो. बेकरीवाला शेवटपर्यंत माझ्या मागे होता. मी डोळ्यांनी बघितलाय.”

“मी तर दुपारपासून इथे आहे, सर,” बेकरीवाला म्हणाला. मी खोटा पडू नये म्हणून तो इतकं हळू बोलला की मला त्याची दया आली.

बायको उठली. कांबळं सावरत बाहेर गेली, माझ्या मोटरसायकलपाशी उभी राहिली, वाकून बघितलं आणि हाक मारली, “अहो, जरा या. हेल्मेट घाला. मफलर वर घ्या. गॉगल लावा. बसा गाडीवर. आता आरशात बघा. कोण दिसतंय?”

मी बघितलं. बेकरीवाला दिसत होता. तो माझ्या शेजारी उभा असूनही आरशात दिसत होता. मी मफलर खाली केला तर त्याला मिशी आली.

तोवर सगळे जमले होते. डॉक्टरीणबाई आभाळाकडे बघत होत्या. एक सैनिक घाईघाईने शेगडीत लाकडं घालायला गेला. जावई तेवढा माझ्याकडे न बघता म्हणाला, “आरसा कधी कधी ढिला होतो, सर.” त्या क्षणी मला तो पहिल्यांदा मनापासून आवडला.

“तुला कळलं होतं?” मी बायकोला विचारलं.

“तुमचा हात न ओळखायला मी काय आज लग्न केलंय? रोज सकाळी गादीवर बसून असाच ताणता. कट आवाजसुद्धा ऐकू आल्यासारखा वाटला मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“परीक्षा चालू होती. तुम्ही मागे कधी बघता ते बघत होते.” तिने कांबळं घट्ट ओढून घेतलं. “खूप वेळ लावलात तुम्ही. मग मात्र मला भीती वाटली. एकट्याला काही झालं की काय म्हणून.”

मी पिशवीतून तिचा स्वेटर काढून दिला. मग खिशातून परवाना काढून अधिकाऱ्याला दिला आणि दुसऱ्या खिशातून शटरची किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, “सर, राहू द्या.” पण मूठ मिटली होती.

परत येताना जावई पुढे आणि मी सगळ्यांच्या शेवटी. निघायच्या आधी बायको माझ्या मागे येऊन बसली.

“का? परीक्षा संपली ना?”

“संपली. पण तुमच्या मागे कोणीतरी बघायला हवं.”

फाट्यावर जावयाने इंडिकेटर लावला. मी सवयीने हात केला, उत्तम, तक्त्यातल्यासारखा. मागे बघायला कोणी नव्हतं. “घ्या आत,” बायको म्हणाली, “गारठेल.”

आता शटर जावई उघडतो. खुर्ची तिथेच आहे आणि तिच्यापुढे रांग असते. माझा तक्ता मात्र त्याने काढला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त तक्त्यातल्या माणसाच्या हाताखाली त्याने एक आरसा टांगला आहे आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘आधी इथे बघा’. मीही रोज जाता-येता बघतो. बेकरीवाला मागे नसतो. मिशी मात्र ठीक असते.