शांततेचा रकाना

आपल्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं सूनबाई चारचौघांत सांगायची. खोटं नव्हतं. सव्वा वर्षाच्या चिमीचं दूध आणि मधुमेही सासऱ्यांची साखर, दोन्ही एकाच वहीत, वेळेसकट!

सासरे म्हणजे अण्णा, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. दुपारी आजोबा आणि नात एकाच खोलीत झोपत. अण्णांचं घोरणं म्हणजे दगडांवरून ओढलेलं लोखंडी कपाट. चिमी दचकून उठायची. पण ते मध्येच थांबतं, हे सूनबाईने हेरलं. तेवढ्यात ती लेकीला थोपटून घ्यायची. वहीत नवा रकाना पडला, ‘शांतता’. वीस सेकंद, तीस सेकंद. अण्णांना उताणं झोपवलं की शांतता लांबते, हा शोधही तिचाच. चाळीस सेकंद झाले तेव्हा तर तिने नवऱ्याला कौतुकाने फोन केला होता.

पुढे अण्णा बसल्याबसल्याही पेंगू लागले. चित्रांच्या पुस्तकातली शेळी दाखवून चिमीला म्हणाले, “बघ, भू भू!”

“अण्णा, शेळी आहे ती. पोरीला उलटंसुलटं शिकवू नका.”

चष्मा बदलला, तरी शेळी भुंकतच राहिली. वहीतली साखर शहाण्यासारखी वागत होती, तरी चोरून गोड खाताय म्हणून सूनबाईने बिस्किटांच्या डब्याला कुलूप घातलं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. पडद्याला सूज होती. झोपेत घोरतात का, त्यांनी विचारलं.

“घोरतात, पण मध्ये अगदी छान थांबतात,” म्हणत सूनबाईने अभिमानाने वही पुढे केली.

बाईंनी रकाना वरपासून खालपर्यंत वाचला.

“अहो, ही शांतता नाही. तेवढा वेळ यांचा श्वास बंद आहे.”

श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो, मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या डोळ्यांच्या नसांना ते सोसत नाही. यात त्याचा वाटा किती, ते सांगता येणार नव्हतं. पण झोपेची तपासणी लगेच हवी, डोळ्यांत इंजेक्शनं हवीत, आणि गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही.

रिक्षात सूनबाई रडू लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“अगं वेडे, मध्येच थांबणाऱ्या घड्याळाला कुणी गुणी म्हणतं का?”

आता अण्णा श्वासाचं यंत्र लावून झोपतात. घोरणं नाही, तरी सूनबाई दर दहा मिनिटांनी छातीवर हात ठेवून बघते, आणि तेच दचकून उठतात. डब्याचं कुलूप निघालं, वहीतला रकाना खोडला गेला. चिमी मात्र शेळी दिसली की टाळ्या पिटून “भू भू” म्हणते. तिला सुधारायला सूनबाईची जीभ काही रेटत नाही.